माक तीरा

कोकणात दिवेलागण झाली की सापाला साप म्हणायची पद्धत नाही. 'लांबडं' म्हणायचं, फार तर 'जनावर'. वाघाचंही तेच. नागेश धुरीच्या गावात त्याला नुसतं 'मोठा' म्हणत. 'काल मोठ्याने वरच्या वाडीतली पाडी नेली,' असं कुणी सांगितलं की ऐकणारा काय ते समजायचा आणि उठून दार लोटायचा. नाव घेतलं की तो येतो. खरंच येतो का, हे तपासायला कुणी गेलं नव्हतं, कारण असल्या गोष्टी तपासायला जाणारा शहाणा त्या गावात अजून जन्मायचा होता.

आखातात, मुसफ्फातल्या लोखंडी टाक्या बनवायच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये वाघही नव्हता आणि सापही नव्हते. तिथे बाबाजी परब होता.

बाबाजी त्याच गावचा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आला आणि चढत चढत फोरमन झाला, कामगारांच्या राहत्या कॅम्पचा कारभारही त्याच्याच हाती आला. मालक आठवड्यातून एकदा गाडीतून यायचा, काच खाली करून टाक्या मोजायचा आणि जायचा. टाक्या वेळेवर होतायत ना, मग त्या कशा होतात हे विचारायचं त्याला कारण नव्हतं. त्या वेळेवर व्हायच्या त्या बाबाजीच्या हातातल्या वेल्डिंग केबलच्या तुकड्यामुळे. आत तांबं, वर जाड रबर. पाठीवर पडला की वळ उठायचा, पण रक्त यायचं नाही, आणि रक्त आलं नाही म्हणजे मारलंच नाही असा तिथला न्याय होता. एकाच्या कानाचा पडदा फाटला. तो शिडीवरून पडला असं सांगण्यात आलं. तुकारामच्या बरगड्या मोडल्या, तोही पडला. त्या शेडमधली माणसं फार पडत. सगळ्यांचे पासपोर्ट बाबाजीच्या कपाटात होते, त्यामुळे पडून झालं की मुकाट उठून कामाला लागत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नागेशच्या अंगाला मात्र ती केबल कधी लागली नव्हती. तो बाबाजीचा मेहुणा होता. बाबाजीच्या बायकोचा, स्वप्नालीचा, पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा नागेश शाळेतही जात नव्हता. ताईने त्याला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, पाटी घेऊन शाळेत सोडलं. तिचं लग्न परबांकडे झालं आणि पुढे भावोजींनीच नागेशला व्हिसा पाठवला. भावोजींना आडवं जायचं म्हणजे ताईच्या संसारात विस्तव टाकायचा, हे नागेशने मनाशी पक्कं केलं होतं. समोर कुणाच्या पाठीवर केबल वाजत असली की तो मान खाली घालून नळी घासत बसायचा आणि स्वतःला सांगायचा, ताई तिथे सासूजवळ एकटी आहे, आपण गप्प बसलेलं बरं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. इतर लोक त्याला काही बोलत नसत, पण तो खोलीत आला की बोलणं थांबायचं. मार न खाण्याची लाज काय असते ते मार खाणाऱ्याला कळत नाही. नागेशला ती रोज कळायची.

तुकारामच्या बरगड्या मोडल्या त्या आठवड्यात डोनल टाक्या तपासायला आला. डोनल आयर्लंडचा, तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. उन्हाने मान लालभडक झालेला, वेल्डिंगच्या जोडावर बोट फिरवून चूक सांगणारा. कामगारांना 'साहेब' म्हणू देत नसे. त्याने तुकारामला वाकून चालताना पाहिलं आणि नागेशला बाजूला घेऊन विचारलं की हे कुणी केलं. तुटक्या इंग्रजीत आणि डोनलला येणाऱ्या त्याहून तुटक्या हिंदीत नागेशने सांगितलं की नाव घेता येत नाही. का घेता येत नाही, म्हणून डोनलने विचारलं. भावोजी, ताई, सासू हे सगळं इंग्रजीत कुठे सांगत बसणार? म्हणून नागेशने त्याला गावच्या वाघाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे नाव घेतलं की जनावर येतं.

डोनल हसेल असं त्याला वाटलं होतं. डोनल हसला नाही. हातातली फाइल त्याने टाकीवर ठेवली आणि म्हणाला की त्याची आजीही लांडग्याला लांडगा म्हणत नसे. त्यांच्या आयरिश भाषेत लांडग्याला 'माक तीरा' म्हणतात. त्याचा अर्थ भूमीचा लेक. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं असं की नाव घेतलं तर तो दारात येईल, म्हणून असं गोडीचं नाव लावलं. नागेशने विचारलं, मग येतो का? डोनल म्हणाला, आता कुठून येणार? दोनशे वर्षं झाली, आयर्लंडात एक लांडगा उरलेला नाही. आणि गोड नाव लावलं म्हणून ते गेले नाहीत. लोकांनी कुत्री सोडली, भाले घेतले, तेव्हा गेले.

नागेशने त्यातला शब्द तेवढा उचलला आणि भाल्यांचं बोलणं टाकीवरच सोडून आला. सोयीचं तेवढं घेण्यात माणूस पटाईत असतो.

खोलीत त्याने तो शब्द आणला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आल्यावर बोलणं थांबलं नाही, उलट वाढलं. 'माक तीरा' सगळ्यांच्या तोंडी बसला. टाकीच्या आत कुणी टेकलेला असला की बाहेरून हळूच हाक यायची, "माक तीरा." आतला टुणकन उठायचा. जेवताना माक तीराच्या नकला व्हायच्या, त्याच्या पोटावरून विनोद व्हायचे. नागेशही हसायचा. तो काही भावोजींना हसत नव्हता. तो आयर्लंडातल्या एका मेलेल्या जनावराला हसत होता. अशी पळवाट सापडली की माणसाला झोप छान लागते.

एकट्या खैरुद्दीनला ते पसंत नव्हतं. खैरुद्दीन रत्नागिरीकडचा म्हातारा फिटर, सगळ्यांत जुना. त्याने नागेशला एकदा स्पष्ट सांगितलं की तुम्ही शब्द बदललात, केबल तीच आहे. पूर्वी मार खाल्ला की पोरं चिडायची, आता हसतात. हे काही चांगलं लक्षण नाही. नागेशला राग आला, कारण ते खरं होतं.

मग तो शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस. नमाज पढून आलेले आणि न गेलेले असे सगळे शेडमागच्या छपराखाली जेवायला बसले होते. सुरमईचं कालवण झालं होतं. मुनीर रंगात आला होता. मुनीर राजापूरचा वेल्डर, हाताने इतका साफ की त्याचा जोड डोनल दुसऱ्यांदा बघत नसे, आणि जिभेने तितकाच सैल. उशी पोटाला बांधून, हातात लाटणं घेऊन तो सगळ्यांच्या ताटांमधून फिरत होता आणि म्हणत होता, "यल्ला यल्ला, उठो, माक तीरा आ गया, माक तीरा!" सगळे पोट धरून हसत होते. आणि हसता हसता एकेक जण गप्प होत गेला, कारण खरोखरच तो आला होता. बाबाजी दारात उभा होता आणि बराच वेळ उभा असावा.

"ये माक तीरा क्या है?" त्याने विचारलं.

 मुनीरने उशी सोडली, ती त्याच्या पायाशी पडली. बाबाजीने त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की मुनीर कालवणाच्या टोपावर जाऊन कोसळला. टोप उलटा झाला. मग केबल सुरू झाली. पाठीवर, मांड्यांवर, डोकं झाकलेल्या हातांवर. दर फटक्याला तोच प्रश्न. मुनीर ओरडत होता, आईला हाक मारत होता, पण अर्थ सांगत नव्हता आणि शब्द कुणी आणला तेही सांगत नव्हता. नागेशकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं नागेशला वाटलं.

केबलने भागत नाही म्हटल्यावर बाबाजीने मुनीरला गचांडी धरून शेडमध्ये ओढत नेलं. सगळ्यांना मागून यायला फर्मावलं. आले. शेडमध्ये लांब टेबलाला बोल्टने आवळलेला मोठा व्हाइस होता. नळी कापताना हलू नये म्हणून तिला त्याच्या दोन लोखंडी जबड्यांत पकडायची. त्याचा मूळचा दांडा केव्हाच तुटला होता, सळईचा एक जाड तुकडा खुपसून तो फिरवत. बाबाजीने मुनीरचा उजवा पंजा त्या जबड्यांत घातला आणि सळई फिरवली. जबडे हाताला टेकले.

"आता सांग. शब्द कोणी हाडलो?" बाबाजी आता मालवणीवर आला होता, म्हणजे त्याचा राग आता पोटातला होता.

मुनीरने मान हलवली. बाबाजीने सळई फिरवली. मुनीरच्या घशातून जो आवाज आला तो कुणी माणसाच्या घशातून ऐकला नव्हता. नागेश तिसऱ्या-चौथ्या माणसामागे उभा होता. ताई, तो मनात म्हणत होता, ताई, ताई. जणू त्या शब्दाने त्याचे पाय जमिनीला खिळून राहणार होते. बाबाजीने पुन्हा सळईला हात घातला. मुनीरच्या पंजाच्या कडेने रक्त आलं आणि टेबलावरून खाली ठिबकू लागलं. आता मात्र पडला असं सांगायची सोय उरली नव्हती.

"मी आणला," नागेश म्हणाला. लोक बाजूला झाले. "भावोजी, शब्द मियां हाडलंय. डोनलकडसून. लांडग्याक म्हणतत."

बाबाजी त्याच्याकडे पाहत राहिला. आता केबल आपल्यावर येणार म्हणून नागेशने दात आवळले. पण बाबाजीच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. रागाने आलेलं नव्हतं, खुशीचं होतं. त्याने विचारलं, लांडगो? गोऱ्या साहेबाच्या भाषेतला लांडगो? त्याला तो शब्द आवडला होता. त्याने तो दोन-तीनदा तोंडात घोळवला. मग त्याने एकेकाला पुढे बोलावलं आणि माझ्या तोंडावर म्हणा, असं सांगितलं. म्हटलं. ज्या शब्दावर ते गेले कित्येक महिने हसत होते तो शब्द एकेक माणूस मान खाली घालून त्याच्याच पायाशी ठेवत गेला. तुकारामनेही ठेवला. खैरुद्दीन तेवढा बोलला नाही. त्याला एक फटका बसला आणि तो भिंतीला धरून खाली बसला. मुनीरचा हात अजून व्हाइसमध्येच होता. नागेशच्या मनात आलं, एवढी एक चीज आपल्या लोकांची होती, तीही ह्याने खाल्ली.

बाबाजीने मग सळई सोडली आणि नागेशला बोटाने खुणावलं.

"तुया हाडलंस मां? मगे तूच फिरव. एक फेरो. खलास. मगे सोडतंय तेका." आणि नागेश हलला नाही तसं तो जवळ येऊन हलकेच म्हणाला, "पुढच्या महिन्यात घराक जातलंय मी. तुज्या बहिणीक काय सांगू, तां तूच ठरव."

झालं. आपण ताईसाठी गप्प बसतो, हे इतकी वर्षं नागेशने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते बाबाजीला आधीपासून ठाऊक होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा व्हायची पाळी आता नागेशची होती.

नागेश पुढे झाला. त्याने सळई धरली. सळई कोमट होती आणि घामाने ओली. मुनीरने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती, विनवणीही नव्हती. तो फक्त वाट पाहत होता. नागेशने सळई उलटी फिरवली. जबडे सुटले आणि मुनीर टेबलाखाली ओघळला.

पहिला फटका नागेशच्या मानेवर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फुटला, एक दात जिभेवर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती केबल लागत होती आणि त्याला आश्चर्य वाटलं ते इतक्याचं की ही इतकी दुखते आणि आपण हिच्याशेजारी बसून इतकी वर्षं नळ्या घासल्या. बाबाजी मारता मारता शिव्या देत होता, धुरी घराण्याला, मेलेल्या आईला, आणि मग ताईला. ताईला त्याने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नागेशने जिभेवरचा दात थुंकला.

"बाबाजी," तो म्हणाला.

बाबाजीचा हात वरच्या वर राहिला. भावोजी नाही, फोरमन नाही, माक तीरा नाही. नुसतं नाव, तेही एकेरी, बायकोच्या धाकट्या भावाच्या तोंडून. गावाकडे लग्नानंतर ताईच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं, आणि इथे कुणाची छाती नव्हती. शेडमध्ये पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"बाबाजी, पुरे."

बाबाजीने केबल टाकली आणि टेबलावरची हातोडी उचलली. ती खाली यायच्या आत नागेशने व्हाइसमधून सळई उपसली आणि सगळ्या ताकदीने आडवी हाणली. ती बाबाजीच्या मनगटाच्या वर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हातोडी पडली. नागेशने दुसऱ्यांदा हाणली, त्याच हातावर, कोपरावर. बाबाजी गुडघ्यावर आला. नागेशने तिसऱ्यांदा हाणली. त्याला आता थांबायचं नव्हतं. इतक्या वर्षांची लाज त्याच्या खांद्यातून सळईत उतरत होती आणि त्यात त्याला सुख वाटत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मागचे लोकही पुढे सरकले होते. कुणाच्या हातात पाइप होता, कुणाच्या हातात पान्हा. तुकारामने बाबाजीच्या बरगड्यांत लाथ घातली. बाबाजी पालथा होऊन एका हाताने डोकं झाकत होता, जसे इतके दिवस बाकीचे झाकत. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो तिथेच संपला असता.

खैरुद्दीन भिंतीजवळून उठला आणि बाबाजीच्या अंगावर आडवा पडला. ह्या माणसाबद्दल त्याला काडीची माया नव्हती. तो एवढंच म्हणाला की ह्याला मारलंत तर इथले सगळे फासावर जातील आणि मुनीरला दवाखान्यात न्यायला कुणी उरणार नाही. हात थांबले. खैरुद्दीनने पिकअपची चावी बाबाजीच्याच खिशातून काढली. पुढे मुनीरला बसवलं, मागे बाबाजीला टाकलं.

मुनीरच्या दोन बोटांची हाडं चुरली होती. ती बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. बाबाजीचा हात दोन ठिकाणी मोडला होता.

नागेश पोलिसांची वाट पाहत बसला. पिशवी भरून ठेवली. शनिवार गेला, रविवार गेला. मालक आला, डोनल आला. डोनलने प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकाने सांगितलं की काही पाहिलं नाही. शेवटी बातमी आली ती दवाखान्यातूनच. बाबाजी परबने स्वतःच लिहून दिलं होतं की तो जिन्यावरून पडला. दुसरं काय लिहिणार? मेहुण्याने सगळ्यांसमोर हात मोडला असं लिहिलं असतं तर मालकाने उद्या ती शेड त्याच्या हाती ठेवली नसती. आणि मुनीरच्या बोटांचं काय, हाही प्रश्न आला असता. त्या शेडमधला पडणारा तो पहिलाच फोरमन. लोक हसले, पण नागेशला हसू आलं नाही. त्याच्या छातीवर धोंडा होता, आणि त्याचं नाव ताई.

चार दिवस त्याने फोन टाळला. मग संध्याकाळी कार्ड घेऊन रस्त्यापलीकडच्या बूथवर गेला. गावात फोन दुकानात होता. ताईला बोलावून आणेपर्यंत कार्डातली मिनिटं जात होती. तो मनात वाक्यं जुळवत होता. चूक झाली, म्हणायचं. रागाच्या भरात झालं, म्हणायचं. तू त्यांची माफी माग, म्हणायचं. तुझ्या घरात मी आग लावली, म्हणायचं.

"तेंचो फोन इल्लो," ताई आल्या आल्या म्हणाली. तिला धाप लागली होती. "जिन्यावरसून पडलंय, हात मोडलो म्हणान सांगी होते."

जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. "ते पडूक नाय, ताय," नागेश म्हणाला. "मियां मारलंय."

पलीकडे दुकानातला तराजू वाजला. कुणीतरी साबण मागितला.  नागेशने डोळे मिटून घेतले आणि ती रडेल, शिव्या देईल, फोन ठेवून देईल ह्याची वाट पाहिली.

"खयचो हात?" तिने विचारलं.

"उजवो."

 मग तिने आवाज खाली आणला. दुकानात ऐकणारी माणसं असतील.

"पुरतो मोडलो?"

"होय."

ताईने श्वास सोडला. तो त्याला समुद्रापलीकडून ऐकू आला. तो इतकी वर्षं कुणाला जपत होता आणि कुणापासून, हे त्याला त्या श्वासात कळलं. ज्या घरासाठी तो मान खाली घालून बसला, त्या घरात बाबाजी रजेवर आला की ती दर वर्षी महिनाभर मान खाली घालून बसत होती. तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. तिलाही वाटलं असणार, भाऊ तिथे त्यांच्या हाताखाली आहे, आपण गप्प बसलेलं बरं. नागेश बूथच्या काचेला कपाळ टेकून रडला, आणि बाहेर उभा असलेला माणूस त्याचं होईपर्यंत थांबला.

"जेवलस काय तू?" ताईने विचारलं.

"नाय."

"मगे आधी जेव," ती म्हणाली.